विमानतळावर फिरून आलेलं बियाणं

भोकर
ज्येष्ठ लागला, पेरणी तोंडावर आली

प्रिय राजकन्या,

पाकिटावर माझं पूर्ण नाव टाकलं असतं तर तू ते न फोडताच बाजूला ठेवलं असतंस, म्हणून मागच्या बाजूला नुसतं 'सु. पि., भोकर' एवढंच लिहिलंय. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. फोन करायचं मनात आलं होतं, पण फोनचं काही खरं नसतं. समोरच्यानं बटण दाबलं की आपलं बोलणं तोंडातल्या तोंडात राहतं. पत्राला तसं बटण नाही. फार तर फाडशील. फाडायचंच झालं तर निदान सोयाबीनपर्यंत वाच आणि मग फाड, कारण तो भाग तुला कुणीच सांगितला नसणार.

मी सुभद्राबाई, लखनची आई. संक्रांत झाल्यावर चाकूरला तुमच्या घरी तुला बघायला आलेल्या घोळक्यातली, मुरमुऱ्याच्या सुशील्याची दुसरी बशी आपणहून मागून घेणारी बाई ती मीच. मुलगी बघायला गेलेल्या घरी दुसऱ्यांदा मागून खाऊ नये असा रिवाज आहे, हे मला ठाऊक आहे. पण तुझ्या आईच्या हाताला चव होती आणि माझा जीव त्या दिवशी खुशीत होता. तू आत आलीस ती मान खाली घालून नाही. सरळ आलीस, सगळ्यांना नमस्कार केलास आणि खुर्ची ओढून बसलीस. लहानपणी तुमच्या चाकूरच्या ट्रेनिंग सेंटरातले जवान पहाटे रस्त्यानं पळायचे आणि त्यांच्या मागं मागं तूही पळायचीस, असं तुझ्या वडिलांनी सांगितलं. आता तू बंगळुरूच्या विमानतळावर गणवेशात उभी असतेस, बायकांच्या रांगेला, त्या नव्या मशीनपाशी, ज्यात माणूस उभं राहिलं की अंगावर काही लपवलंय का ते कळतं. मला ऐकूनच बरं वाटलं. आमच्या सात पिढ्यांत कुणी कुणाची झडती घेतलेली नाही. ज्या झाल्या त्या आमच्याच झाल्या. आणि लखनला तू आवडलीस हे कळायला मला काही विचारावं लागलं नाही. ट्रॅक्टरचं इंजिन डोळे झाकून खोलणारा माझा मुलगा पाण्याचा पेला तोंडाऐवजी कॉलरला लावत होता.

परत येताना अहमदपूर, लोहा, नांदेड असं करत गाडी भोकरला पोचेपर्यंत आम्ही लग्नाचा मांडव कुठं घालायचा इथवर आलो होतो. मग भुजंगदादांच्या मोबाइलवर तो निरोप आला. भुजंगदादा म्हणजे माझे थोरले दीर. सासरे गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चालतो. माणूस मनानं वाईट नाही, पण हातात मोबाइल आल्यापासून त्यांना झोप नाही आणि ते आम्हालाही झोपू देत नाहीत. निरोपात विमानतळावरच्या मशीनचा फोटो होता आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, की यातून किरण निघतात, ते बाईच्या पोटात साठत जातात आणि तिची कूस कोरडी पडते. पाठवणाऱ्यानं शेवटी हात जोडून 'जनहितार्थ' असंही टाकलं होतं. दादा लखनच्या बाबांना म्हणाले, "आरं पिराजी, लातूरला माझ्या मुतखड्याच्या वक्ताला त्या फोटोच्या खोलीवर पाटी व्हती, पोटुशा बाईनं आत येऊ नये म्हणून. घडीभर आत जायचं न्हाई म्हणत्यात, अन् ही पोरगी दिवसभर मशीनीच्या तोंडाशी उभी हाय." खरं सांगू का, ऐकायला ते बरोबरच वाटत होतं. ती पाटी मीही वाचली होती.

पुढचं तुला माहीत आहे, पण आमच्या बाजूनं ते कसं झालं ते नाही माहीत. दादांनी मला नाही, लखनला नाही, कुणालाच न विचारता लातूरच्या मल्लिनाथ गुरुजींना फोन लावला, कारण ही सोयरीक त्यांनीच सुचवलेली. मुलीनं नोकरी सोडावी, नाहीतर लातूरच्या बायकांच्या डॉक्टरकडून लेकरूबाळ होईल असा कागद आणावा, म्हणाले. तुझं उत्तर गुरुजींनी शब्दाला शब्द पोचवलं. "तपासायचं काम माझं हाय. मला तपासायचा हक्क मी कुणाला दिला न्हाई. समद्यांना नमस्कार सांगा." मी चुलीपाशी होते. तव्यावरची भाकरी करपली आणि पोरी, वाईट वाटायच्या आधी मला तुझा अभिमान वाटला. सोयरीक मोडल्याचं ऐकून नवऱ्यामुलाच्या आईला अभिमान वाटावा हे काही रीतीला धरून नाही, पण वाटला तो वाटला. लखन एवढंच म्हणाला, "बरोबर बोलली ती," आणि गॅरेजला निघून गेला.

मन लागेनासं झालं की माणसाचं अन्न तुटतं म्हणतात. आमचा उलट दोन भाकरी जास्त खायला लागला, फक्त बोलायचा बंद झाला. आणि मग एक दिवस ताटावर बसता बसता मला म्हणाला, "ऊट आय्ता?" मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला, ऊन लागलंय असंच वाटलं मला. तर त्याच्या गॅरेजात उदगीरकडचा गुरुबसप्पा नावाचा कारागीर आहे, त्याच्याकडून हा रोज कानडी शिकून राहिला होता. जेवण झालं का, असं विचारत होता म्हणे. मी म्हटलं, भोकरात कानडी कुणाशी बोलणारेस रे? तर म्हणाला, "ट्रॅक्टरशी." मी पुढं काही विचारलं नाही. आईला सगळं कळत असलं तरी सगळं बोलून दाखवायचं नसतं.

लखनचे बाबा हे मात्र वेगळंच रसायन आहे. थोरल्या भावापुढं ह्यांचं तोंड उघडत नाही, पण मनात एकदा काही घेतलं की ते सोडतही नाहीत. आता सोयाबीन. आमच्याकडं पेरणीआधी घरचं बियाणं उगवतं का ते बघतात, तुमच्याकडंही बघत असतील. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, आणि चार-सहा दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तरच्या पुढं निघाले तर बियाणं पेरायला चांगलं, नाहीतर पोतं बाजारात. तर ह्यांनी मनाशी ठरवलं की त्या मशीनचा निकाल मोबाइलवरही लागायचा नाही आणि डॉक्टरच्या कागदावरही लागायचा नाही, तो गोणपाटावरच लागेल. दाण्यात जीव असतो. मशीननं दाण्यातला जीव मारला तर दादा खरे, नाही मारला तर ती पोरगी खरी. हे मला त्यांनी सांगितलं नाही बरं का. मला म्हणाले, बंगळुरूला शेतीच्या अवजारांचं प्रदर्शन हाय, गावातले लोक निघालेत, म्याबी जातो. हैदराबादच्या पुढं ज्यांनी कधी पाऊल टाकलं नाही ते चैत्राच्या उन्हात नांदेडहून विमानानं निघाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

येताना बंगळुरूला तुमची ती खरी मशीन आली. ह्यांनी बंडीच्या आतल्या खिशात कापडाच्या पुरचुंडीत सोयाबीन बांधून नेलं होतं. खिशातलं सगळं काढून ट्रेमध्ये ठेवा, असं तिथला जवान सांगत होता. ह्यांनी चष्मा ठेवला, किल्ल्या ठेवल्या, तंबाखूची चंचीसुद्धा ठेवली. पुरचुंडी तेवढी ठेवली नाही, कारण ट्रे जातो सामानाच्या मशीनमध्ये, आणि मग सगळ्या परीक्षेचंच वाटोळं. आत उभे राहून बाहेर आले तर पडद्यावरच्या आकृतीच्या छातीवर पिवळा चौकोन. जवानानं बाजूला घेतलं आणि हिंदीत विचारलं, हे काय आहे? "सोयाबीन है साब." खिशात कशाला ठेवलं? आता काय सांगणार? मोडलेल्या सोयरिकीतल्या सुनेसाठी उगवण बघायची आहे म्हणून? ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "खाने को." जवान म्हणाला, "तो खाओ." आणि लखनचे बाबा भर विमानतळावर उभ्या उभ्या कच्चं सोयाबीन चावायला लागले. अगं, कच्चं सोयाबीन आमचा बैलसुद्धा तोंड वाकडं करून खातो! जवानाला हसू आवरेना. ह्यांना तिथंच थांबायला सांगून तो साहेबांना विचारायला गेला. साहेब आले, त्यांनी दाणे चाळले, हुंगले, आणि "चाचा, पुढच्या वेळी फुटाणे आणा" असं म्हणून उरलेली पुरचुंडी परत दिली.

घरी आल्यावर ह्यांनी सगळं कबूल केलं तेव्हा मी इतकी हसले की उचकी लागली. पण गोणपाट भिजवलं मीच. दाणे शंभर भरले नाहीत, काही ह्यांच्या पोटात गेले होते. दादांना कळल्यावर ते दिवसातून दोनदा येऊन त्या गुंडाळीकडं बघून जायचे. शेवटी सगळ्यांसमोर ती उलगडली आणि राजकन्या, निम्मेसुद्धा उगवले नव्हते. बाकीचे फुगून, बुळबुळीत होऊन पडले होते. मला वाटलं होतं दादा आता मिशीवर ताव देतील, पण ते पांढरेफटक पडले. म्हणाले, "एका फेऱ्यात दाण्याची ही गत, तर त्या लेकराचं काय झालं असंल? तिच्या बापाला सांगायला पायजे." लखन उठून बाहेर गेला. आपलं नातं जुळण्याआधीच तुटलं होतं, तरी मी देवापुढं दिवा लावला आणि तुझं नाव घेतलं. तेव्हा मला कळलं की मी तुला मनातून सून करून टाकलेलं आहे, तू हो म्हण नाहीतर नको म्हण.

मग गोणपाट झटकायला म्हणून मी ते मेलेले दाणे हातावर घेतले आणि नीट बघितले. सालीवर काळे डाग होते. गेल्या साली सोयाबीन काढणीला आलं आणि पाऊस ठाण मांडून बसला, तेव्हा भिजलेल्या ढिगाला असे डाग पडले होते. ते पोतं आम्ही कोपऱ्यात वेगळं ठेवलंय, पेरायला नाही, विकायला. मी ह्यांना विचारलं, दाणे कुठल्या पोत्यातले नेले होते? म्हणाले, "कोपऱ्यातल्या." का हो? तर म्हणाले, "चांगलं बियानं कशाला वाया घालवायचं?" बाई गं! एवढा विमानाचा प्रवास केला, कच्चं सोयाबीन खाल्लं, आणि परीक्षेला बसवलं ते आधीच नापास झालेलं पोर. मला हसावं की ते ओलं गोणपाट ह्यांच्या डोक्यात घालावं ते कळेना.

मी गप्प बसले नाही. त्याच पोत्यातले, विमान सोड, घराचा उंबराही न ओलांडलेले दाणे काढले आणि पुन्हा गुंडाळी मांडली. ते तर पहिल्यापेक्षाही कमी उगवले! म्हणजे तुझ्या मशीनमधून फिरून आलेलं बियाणं घरी बसलेल्या बियाण्यापेक्षा सरस निघालं. ही बातमी गावात फुटायला कितीसा वेळ? शेजारची विठाबाई पाटीभर सोयाबीन घेऊन दारात हजर. "लखनची आई, माझंबी एकडाव त्या इमानतळावरनं फिरवून आना की. अवंदा उगवन लई कमी हाय." अगं मावशी, थोडं इकडंतिकडं व्हायचंच, त्यात मशीनची करणी काही नाही, हे तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. ती अजून म्हणते की मी मुद्दाम सांगत नाही.

तेवढ्यात गीतांजली सुट्टीला आली. माझी धाकटी, नांदेडला नर्सिंग शिकते. तिनं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. दाण्यावरून बाईच्या पोटाचा निकाल लावायला आपण काय शेत आहोत का, म्हणाली, आणि तेही खरंच आहे. मग सगळ्यांना बसवून तिनं सांगितलं. तुला ते माहीतच असणार, पण आम्हालाही आता माहीत आहे हे तुला कळावं म्हणून लिहिते. त्या मशीनमध्ये एक्स-रे नसतोच. त्यातल्या लहरी कपड्यातून जातात, कातडीला लागून माघारी फिरतात. हाडापर्यंत, पोटापर्यंत पोचत नाहीत. दवाखान्याच्या दारावरची पाटी खोटी नाही, पण ती एक्स-रेसाठी आहे. सामानाच्या मशीनमध्ये एक्स-रे असतो, पण तो आडोशाच्या आत कोंडलेला. उलट विमान उंच गेलं की वरून जे किरण अंगावर येतात ते ह्या मशीनपेक्षा जास्त, आणि तेही एखाद्या प्रवासाला घाबरण्याइतके नाहीत. मग तिनं दादांना हळूच विचारलं, "मोठेबाबा, मुतखड्याला लातूरला तुमचा सीटी स्कॅन झाला ना, त्यात मात्र खरे किरण होते. तेव्हा कुणाकडून कागद मागितला होता?" दादा पोटावरून हात फिरवत बसले. बारीक आवाजात म्हणाले, "मग मला काई हुईल का गं?" ती म्हणाली, काही होत नाही, तुम्हाला गरज होती म्हणून काढला. त्या दिवसापासून दादा मोबाइल उशाखाली ठेवायचे ते दूर फळीवर ठेवतात.

इथं सगळं सरळ व्हायला हवं होतं की नाही? मशीन निर्दोष सुटली, तू निर्दोष सुटलीस, म्हणजे तू कधी दोषी नव्हतीसच. पण घरात आनंदानं कुणी काही बोलेना. दादांनी लगेच नवीन काढलं, रात्रपाळी. ते झालं की बदल्या. मग परमुलखातलं पाणी. आणि ह्यांनी तर कहरच केला. चांगल्या पोत्यातले दाणे काढून तिसऱ्यांदा गुंडाळी मांडली, आणखी एकदा बघू म्हणून. कशाचं बघू? ते दाणे विमानतळावर गेलेच नव्हते! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाकूरला तू लखनला सगळ्यांसमोर विचारलं होतंस, "लगीन झाल्यावर माझ्यासंगं बंगळुरूला राहाल का?" आणि तो जराही न अडखळता हो म्हणाला होता. ते हो आमच्या सगळ्यांच्या छातीत जाऊन बसलं होतं. मुलगा हातचा जाईल असं म्हणायची लाज वाटते; मुलीला किरण लागलेत असं म्हणायची वाटत नाही. त्या निरोपाची आमच्या घराला गरजच होती गं. आणि मी तरी कुठं वेगळी? लखनचं रिकामं ताट मनात आलं की दादांच्या रात्रपाळीला मीही मान डोलवायचे.

मग मी ह्यांना शेतात बांधावर गाठलं. पेरणीच्या पाभरीचा फण ठोकत बसले होते. म्हटलं, किती वेळा भिजवणार गोणपाट? बराच वेळ ठोकत राहिले. मग म्हणाले, "एकुलतं पोरगं हाय गं. गेलं की गेलंच." आणि फण खाली ठेवून ह्यांनी जे सांगितलं ते महिनाभर कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला आठवतं का बघ. नऊवारी लुगड्यातली एक म्हातारी तुझ्या रांगेत अडून बसली होती. "म्या आत जात न्हाई, लोकं म्हणत्यात अंगावरलं समदं दिसतं अन् आतलं जळतं." मागची रांग कुरकुरायला लागली. तू तिच्यावर डाफरली नाहीस. आपल्या बोलीत म्हणालीस, "आज्जी, पडद्यावर नुसती बाहुली दिसती, तुमी न्हाई. अन् जळायचं म्हणाल तर मी रोज हितंच उभी असती. बघा की, हाय का न्हाई धडधाकट?" आणि तू स्वतः आधी त्यात उभी राहून दाखवलंस, मग तिला हाताला धरून नेलंस. बाहेर आल्यावर म्हातारीनं तुझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्या वेळी शेजारच्या रांगेपाशी, खांबाआड अर्धं तोंड लपवून, गालात सोयाबीन कोंबून जो म्हातारा उभा होता, तो लखनचा बाप. तू एकदा त्यांच्याकडं बघितलंही होतंस म्हणे, पण ओळखलं नाहीस, आणि बरंच झालं. ह्यांनी मला सांगता सांगता बंडीच्या बाहीनं डोळे पुसले. म्हणाले, "ती पोरगी परक्या म्हातारीला आशी वागती. आपलं पोरगं तिच्याकडं सुखात ऱ्हाईल, सुभद्रा. मलाच सोडवंना झालंय."

त्याच दिवशी ह्यांनी दादांपुढं जाऊन, जन्मात पहिल्यांदा, बसायच्या आधीच बोलून टाकलं, की पोरगी होकार देणार असेल तर पोरगं बंगळुरूला जाईल आणि कुणी कागद मागायचा नाही. दादांनी फक्त विचारलं, तिकडं ज्वारीची भाकरी मिळती का? मिळते असं मी ठोकून दिलं. खरं-खोटं तू बघून घे.

आता हे कशासाठी लिहिलं ते सांगते. लखनला ह्या पत्राचा पत्ता नाही. माफी मागायला लिहिलं असं तुला वाटेल. ती तर मी मागतेच, आमच्या घरातून तुझ्याकडं कागद मागितला गेला ह्याची मला मनापासून लाज वाटते. पण पत्र त्यासाठी नाही. आपल्याकडं लग्नात मुलीचे आईबाप हात जोडतात आणि म्हणतात, लेक तुमच्या पदरात घातली, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या आईनं माझ्या सासूला म्हटलं होतं, तेव्हा तिचा आवाज कापत होता. पुढं गीतांजलीच्या वेळी मलाही म्हणावं लागेल. मुलाच्या आईवर ही वेळ कधी येत नाही, तिला फक्त ऐकून घ्यायचं माहीत असतं. म्हणून हे मला तोंडानं जमेल असं वाटेना, कागदावर म्हणते. तू नोकरी सोडू नकोस, तुझी जागा सोडू नकोस. आणि राजकन्या, तुझं मन होत असेल तर माझा लेक मी तुझ्या पदरात घालते. रागीट नाही, हट्टी आहे. भाकरी जाड लागते. ताप आला की पाच वर्षांचा होतो, तेव्हा त्याचं काही मनावर घेऊ नकोस. चुकलंमाकलं सांभाळून घे, आणि दिवाळीला त्याला चार दिवस माहेराला धाडत जा.

तुझीच,
सुभद्राबाई

(पुढं मला काय म्हणून हाक मारायची ते तुझं तू ठरव. मी कशालाही ओ देईन.)